एका शब्दावर आपलं जमलं नाही

कांता,

परवा तुझ्या उठावण्याला, शोकसभेला, जैन स्थानकाचा हॉल भरून गेला होता. बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या, पुरुष रस्त्यापर्यंत उभे होते. माइकवर एकामागून एक माणसं बोलून गेली. कोणी तुला सेवाभावी म्हणालं, कोणी धर्मपरायण, कोणी समाजाची लेक. एक गृहस्थ तर तुझ्या उपवासांबद्दलच बराच वेळ बोलत राहिले. ड्यूटीत जेवायला सवड मिळाली नाही की तू 'आज उपवास हे' म्हणून मोकळी व्हायचीस, हे त्यांना कोण सांगणार? नर्स हा शब्द मात्र त्या सगळ्या बोलण्यात एकदाही आला नाही. तुझ्या भावानं, पारसनं, मागं वळून पाहिलं आणि खुणेनंच विचारलं, ताई, तुम्ही दोन शब्द बोलता का? मी मान हलवून नको म्हटलं. आपल्या दोघींबद्दल बोलायचं म्हणजे गयाबाईपासून सुरुवात करावी लागते. पांढऱ्या चादरीवर बसलेल्या तुझ्या आत्या-मावश्यांसमोर मला ते जमलं नसतं. इथं लिहिताना तरी जमेल असं वाटतंय.

आपण ट्रस्टच्या त्या दवाखान्यात रुजू झालो तेव्हा जालना जिल्हा नुकताच झाला होता. गावात सगळ्या पाट्यांवर नवा रंग होता. मी मंठ्याच्या पुढच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, मस्तगडला एका खोलीत भाड्यानं राहणारी. तू नवीन जालन्यातली, तुझ्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर घर. तुझ्यासारख्या घरातली मुलगी नर्स झालेली मी तोवर पाहिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात तुला विचारलं, घरचे कसे तयार झाले? तू हसत म्हणालीस, "तयार कुठं झाले? जमलेलं लग्न मोडलं. ते लोक म्हणले, नर्सबाई सून नको. बाबूजी म्हणले, लोकांची घाण काढायला चालली. मी म्हणलं, हो, चालले." तुझे वडील त्यानंतर कितीतरी वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत. एकाच घरात राहून, एकाच पंगतीला बसून. हेही तू हसतच सांगायचीस. मला ते हसू कधी खरं वाटलं नाही, पण तसं मी बोलून दाखवलं नाही.

तुझी मराठी माझ्यापेक्षा रसाळ होती, याचं मला पहिल्यापासून आश्चर्य वाटायचं. घरात तुम्ही मारवाडी बोलायचात. मराठी तू शिकलीस ती दुकानाच्या पायरीवर, बियाणं घ्यायला आलेल्या बायामाणसांकडून. एखादा नवा शब्द ऐकला की तुझा चेहरा खुलायचा. माझं उलटं होतं. ट्रेनिंगला औरंगाबादला असताना मी वर्गात 'हागवण' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईही हसल्या. त्या दिवसापासून मी गावाकडचे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. दमल्यावर, घाईत असल्यावर ते निसटायचे. गयाबाईच्या दिवशी मी दमलेलीच होते.

तो रविवार होता. सकाळची ड्यूटी माझी, दुपारची तुझी. गयाबाई मंठ्याकडून बैलगाडीनं आणि मग एसटीनं आली होती, सासू सोबत. डॉक्टरांनी बघितलं, फार अशक्त आहे म्हणाले, सलाईन लावायला सांगितलं आणि संध्याकाळी येतो म्हणून गेले. वॉर्ड भरलेला होता. जाता जाता मी तुला एकेका खाटेचं सांगत गेले. तिच्या खाटेपाशी म्हणाले, "ही मंठ्याकडची बाई. लई अशक्त हे. अंगावरून जातंय तिच्या. डॉक्टर संध्याकाळी येतेत." तू म्हणालीस, "बरं." आणि आपण पुढच्या खाटेकडं गेलो.

आमच्या गावात अंगावरून जातंय म्हटलं की रक्त. दुसरा अर्थच नाही. तुझ्या आत्या-मावश्या मारवाडीत तसंच दबक्या आवाजात म्हणायच्या तेव्हा त्यांचा अर्थ पांढरं जाणं असायचा. त्या महिन्यात तशा बायका वॉर्डात आल्याही होत्या. तू तिला पाणी पाजलंस, सलाईन बघितलं, उशी सारखी केलीस. ती गोधडी गळ्यापर्यंत ओढून पडली होती आणि लाजेनं काही बोलत नव्हती. तू तिला उठवून बसवायला गोधडी काढलीस तेव्हा गादी खालपर्यंत भिजली होती.

जीपमध्ये तू तिच्यासोबत गेलीस. तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं होतं, पण वाटेत बदनापूर यायच्या आधीच ती गेली. तुझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. तिची सासू समोर बसली होती. ती ओरडली नाही, भांडली नाही. तुला एवढंच म्हणाली, "म्या तर सकाळीच सांगितल्तं की बाई, अंगावरून जातंय म्हणून."

हे वाक्य तू मला त्यानंतर एकदाच सांगितलंस. मी मात्र ते तुझ्या तोंडावर पुढं कितीदा तरी वाचलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी आपल्याला समोरासमोर उभं केलं. मला म्हणाल्या, "विमल, तू सांगितलं होतंस?"

"हो, बाई."

"कांता, तुला सांगितलं होतं?"

"हो, बाई."

"मग?"

काय सांगणार? कोणी खोटं बोललं नव्हतं. कोणी हयगय केली नव्हती. सासूनं खरं सांगितलं होतं, मी खरं सांगितलं होतं, तू खरं ऐकलं होतंस, आणि तरीही गयाबाई गेली होती. त्यानंतर बरेच दिवस आपण कामापुरतंच बोललो. कॅन्टीनमध्ये तू खिडकीकडं तोंड करून बसायचीस. मला वाटायचं, ही मला दोष देतेय. तुला वाटत होतं, मी तुला देतेय. हे एकमेकींना सांगायलाही आपल्याला पुढं किती वर्षं लागली.

मग एका दुपारी तू मस्तगडला माझ्या खोलीवर आलीस. बस म्हटलं तर बसली नाहीस. दारातच उभी राहून म्हणालीस, "विमल, तुमच्याकडं चक्कर येणं म्हंजे काय?"

मी म्हटलं, "म्हंजे? चक्कर म्हंजे चक्कर."

"डोळ्यापुढं अंधारी येती, का घर फिरतंय असं वाटतं?"

मी विचार केला. "अंधारी आली तर आम्ही भवळ आली म्हणतो. फिरतंय असं वाटलं तर घेरी."

"आमच्याकडं दोन्हीला चक्करच." तू आता आत येऊन खाटेवर टेकलीस. "अजून असे किती शब्द असतेल गं?"

आपल्या कामाची सुरुवात ही अशी झाली. लोक नंतर विचारायचे, कल्पना कोणाची, प्रेरणा कुठून मिळाली. तू म्हणायचीस, "असंच सुचलं." मीही मान डोलवायचे.

सुट्टीच्या दिवशी एसटीनं मंठा, परतूर, अंबड, भोकरदन. तिथल्या उपकेंद्रांतल्या नर्सेसना भेटायचं, गावातली बाई दवाखान्यात येऊन काय म्हणते आणि तुम्ही त्यावरून काय समजता, हे विचारायचं. मंठ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या ओळीत तू फतकल मारून बसलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. "मावशी, पोटात दुखतं तव्हा कसं दुखतं?" असं तू विचारलंस आणि मेथी विकणारी म्हातारी म्हणाली, "बाई, तुला भाजी घ्यायची का माझं पोट?" सगळी ओळ हसली. मग मात्र एकेक सुरू झाली. कळ येती. मुरडा पडतो. आग पडती. चमक मारती. ठणकतंय. एक म्हणाली, "माझ्या तर पोटात नुसतं कालवतंय." तू मेथीच्या चार जुड्या घेतल्यास आणि सगळ्या एसटीत विसरून आलीस.

मेट्रनबाईंनी आपल्याला कपड्यांच्या खोलीत बसायला परवानगी दिली. चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून आपण आठ-दहा नर्सेस भांडायचो. नियम तू घातलास: एका शब्दाला एकच अर्थ, आणि शब्द तोंडातून काढायच्या आधी डोळ्यानं बघायचं. बाईनं काय म्हटलं ते आधी ऐकायचं, मग गोधडी बाजूला करून बघायचं, मग आपला ठरलेला शब्द बोलायचा. रंग कोणता, कापडाची घडी भिजली की नुसता डाग, गाठी पडतायत का. नियमाला कोणाचा विरोध नव्हता. भांडण व्हायचं ते शब्दांवरून, आणि जास्त करून माझं तुझ्याशी.

मला रक्तस्राव हवा होता, श्वेतस्राव हवा होता. अतिसार हवा होता. पुस्तकात शोभेल असं सगळं.

"अतिसार कोण म्हणतं?" तू म्हणालीस.

"आपण म्हणू. शिकवू पोरींना."

"अन् पोरगी पेशंटला काय इचारील? बाई, तुम्हाला अतिसार हे का? ती म्हणंल, न्हाई बाई, आमच्याकडं तसलं काई नसतं."

पोरी हसून हसून गठ्ठ्यावरून खाली आल्या. मला राग आला. मी म्हणाले, "मग कागदावर काय हागवण लिहायचं? वरचे लोक वाचतेत. हसतेत ते."

तू हसायची थांबलीस. माझ्या वर्गातली ती गोष्ट मी तुला सांगितलेली होती. तू हळूच म्हणालीस, "हसू दे ना, विमल. तुझ्या आईच्या तोंडचा शब्द हे तो."

मी उठून बाहेर गेले होते. तुला वाटलं मी चिडले. मी रडत होते, कांता. आईच्या शब्दाची बाजू घ्यायला दुसऱ्या घरातली, दुसऱ्या बोलीची पोर उभी राहिली होती आणि मी, तिची लेक, त्याला लपवत होते. पण तेवढ्यानं माझं मत बदललं असं नाही. माझं म्हणणं वेगळ्याच कारणानं खरं होतं. गयाबाईच्या बाबतीत मी आईचाच शब्द वापरला होता. आपल्या ओळखीचा शब्द जितका जवळचा, तितकं समोरच्याला तो कळला असं आपण धरून चालतो. परका शब्द असला तर माणूस निदान थांबून विचारतो. हे मी तुला कपड्यांच्या खोलीत नीट सांगू शकले नाही. आज सांगतेय.

शेवटी दोघींचंही थोडं थोडं राहिलं. बोलताना 'लाल जातंय', 'पांढरं जातंय'. लिहिताना रक्तस्राव, श्वेतस्राव. 'अंगावरून जातंय' हे पेशंटनं म्हणायचं, नर्सनं कधीच नाही. बोलताना जुलाब, लिहितानाही जुलाब. भवळ आणि घेरी दोन्ही ठेवले, चक्कर काढून टाकला. त्यावरून भोकरदनची नर्स अजून माझ्यावर रुसलेली आहे.

मोठे डॉक्टर आधी तयार नव्हते. म्हणाले, इंग्रजीत सगळे शब्द आहेत, तेच पाठ करून घ्या. तू म्हणालीस, "ते तर शिकवूच, सर. पण पेशंटचं इंग्रजीत दुखत न्हाई ना." ते मोठ्यानं हसले आणि एका वॉर्डात करून बघा म्हणाले. नंतर त्यांनीच राऊंडला आल्यावर 'भवळ का घेरी?' असं विचारायला सुरुवात केली.

आणि तो दिवस. मंठ्याहून एक जीप निघाली होती, आणि जीप पोचायच्या आधी तिथल्या नर्सचा फोन आला. तू घेतलास. तिकडून पोरगी धापा टाकत बोलत होती आणि तू तिच्यामागं मोठ्यानं म्हणत गेलीस, "लाल जातंय. घड्या भिजून राह्यल्या. गाठी हेत. भवळ आल्ती." डॉक्टर तिथंच उभे होते. त्यांना एक शब्द जास्तीचा विचारावा लागला नाही. जीप आली तेव्हा टेबल तयार होतं, रक्त द्यायला माणसं बसवली होती. ती बाई वाचली. संध्याकाळी तू मला दिसेनास म्हणून शोधत गेले तर मागच्या व्हरांड्यात, वाळत घातलेल्या चादरींच्या मागं, तू तोंडात पदर कोंबून रडत होतीस. मी तुझ्याशेजारी बसले. गयाबाईचं नाव आपल्यापैकी कोणी घेतलं नाही. तुझ्यासोबत काम केल्याबद्दल मी कधी देवाचे आभार मानले असतील तर ते त्या व्हरांड्यात.

पुढं आपली ही शब्दांची यादी दवाखान्याच्या बाहेर गेली. ट्रेनिंगमध्येही ती शिकवली जायला लागली. मग औरंगाबादला मोठी बैठक झाली, सगळ्या मराठी नर्सेससाठी एकसारखे शब्द ठरवायला. दूरदूरच्या जिल्ह्यांतून शिकवणाऱ्या बाया आल्या होत्या. हुशार, तळमळीच्या. त्यांनी आपले बरेच शब्द घेतले, काही बदलले, काही आपल्याला त्यांचेच जास्त पटले. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "एक शब्द राह्यला. जीव घाबरा होणं."

मी तुझ्याकडं बघतच राहिले. हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस.

तू म्हणालीस, "पेशंट म्हणतो, बाई, जीव घाबरा होऊन राह्यला. नाडी बराबर असती, ताप नसतो, श्वास ठीक असतो. आपण म्हणतो, काई न्हाई, झोपा. अन् थोड्या वेळानं तो पेशंट बिघडतो. मी किती बघितले. त्याला आतून कळलेलं असतं. या शब्दाला दुसरा शब्द न्हाई. तो जसाच्या तसा लिहायचा अन् डॉक्टरला बोलवायचं."

मी तुझ्या विरोधात बोलले. तुझ्यासोबत आलेली, तुझी मैत्रीण, मी बोलले. म्हणाले, "याच शब्दाचे सगळ्यात जास्त अर्थ होतात. कोणाला मळमळतं तेव्हा जीव घाबरा होतो, कोणाला धडधडतं तेव्हा, कोणाला घराची आठवण आली की होतो. ऐकणारीनं काय समजायचं? आपण हे काम ज्या कारणासाठी सुरू केलं, त्याच्याच विरुद्ध हे."

मतं घेतली. शब्द बाजूला ठेवला. पुन्हा विचार करू, असं ठरलं.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. बदनापूर मागं पडलं. मग म्हणालीस, "तुला वाटतं मी इसरले. गयाबाई पण सकाळपासून तेच म्हणत असंल मनात. आपल्याकडं ऐकायला शब्दच नव्हता."

"शब्द होता, कांता. दोघींचा वेगळा होता."

"मंग?"

"मंग तेच तर म्हणून राह्यले मी."

"मी पण तेच म्हणून राह्यले," तू म्हणालीस, आणि दोघींनाही एकदम हसू आलं. कंडक्टर वळून बघायला लागला. पण भांडण मिटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं, चहा पिताना, कोणाच्या लग्नात, फोनवर, तू मध्येच म्हणायचीस, "तुझ्या त्या शब्दाचं काय झालं?" मी म्हणायचे, "तुझा शब्द आहे तो." यादीच्या किती आवृत्त्या निघाल्या. तो आत आला नाही.

तुझं पोट फुगायला लागलं तेव्हा तू गॅस म्हणालीस. तू, जी दुसऱ्याची गोधडी बाजूला करून बघायला शिकवायचीस. मी विचारलं की "काई न्हाई गं, वय झालं" म्हणायचीस. औरंगाबादला तपासण्या झाल्या तोवर बीजकोशातली गाठ पोटभर पसरली होती. मला तुझा राग आला. अजून आहे. लोक मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त हक्क आहे असं वाटतं.

औषधं झाली, केस गेले, परत थोडे आले. मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पारसनं खालची खोली तुझ्यासाठी रिकामी केली. मी नोकरीतून रजा घेऊन रोज यायचे. तुझे वडील असते तर आता बोलले असते का, असं तू एकदा विचारलंस. मी म्हटलं, बोलले असते. तू म्हणालीस, "तू कधीपासून खोटं बोलायला लागली?" आणि माझा हात धरून ठेवलास.

एका दुपारी कूलरची घरघर चालू होती, तू डोळे उघडून छताकडं बघत होतीस. हात चादरीवर इकडं तिकडं फिरत होता. मी नाडी बघितली. ठीक होती. श्वास ठीक. विचारलं, "दुखतंय का?"

तू मानेनंच नाही म्हणालीस.

"मळमळतंय?"

नाही.

"मग काय होतंय, कांता?"

तू माझ्याकडं बघितलंस. ओठ कोरडे होते, पण तू हसलीस. म्हणालीस, "तुझ्या यादीत शब्द न्हाई त्याला."

तुझ्या कपाळावर हात ठेवून बसले. मग तुझ्या कानाशी वाकून मीच विचारलं, "जीव घाबरा होतोय?" तू डोळे मिटलेस आणि मान हलवलीस. हो.

तू जिंकलीस असं मी त्या क्षणी कबूल केलं असतं. पण पुढं ऐक. तू झोपलीस, आणि रात्रपाळीसाठी घरी ठेवलेली नवी नर्स कामावर आली. चांगली पोरगी होती, शिकलेली. मी तिला सांगितलं, "दुपारी जीव घाबरा झाल्ता यांचा." ती म्हणाली, "बरं, ताई," आणि पिशवीतून उलटीचं इंजेक्शन काढायला लागली. मी तिचा हात धरला. हसावं की रडावं मला कळेना. तुला सांगायचं होतं. तू उठलीस की सांगू म्हणून ठेवलं होतं. बघ, तूही बरोबर होतीस, मीही. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, मंग त्या पोरीला शिकवायला पायजे ना. आणि मी म्हणाले असते, काय शिकवायचं ते आधी ठरव.

तू नीट अशी परत उठलीच नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

तुझी भावजय आणि तुझ्या दोन म्हाताऱ्या आत्या दाराशी उभ्या होत्या. भावजय म्हणाली, "ताई, आम्हाला हिंमत होऊन न्हाई राह्यली. तुम्हीच आंघोळ घाला." मी दार लोटून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. गरम पाण्याची बादली, दोन टॉवेल, साबण. आयुष्यभर हे काम केलं, किती जणांचं केलं. हात आपोआप चालतील असं वाटलं होतं. चालेनात.

मग मी बोलायला लागले. बेशुद्ध माणसालासुद्धा सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपण दोघींनी शिकवलेल्या प्रत्येक पोरीला सांगितलंय. तसं सांगत गेले. कांता, तोंड पुसते. कांता, आता हा हात वर घेते. पाणी थोडं गरम आहे. आता कुशीवर वळवते, घाबरू नको, धरलंय मी. पाठ कोरडी करते. बाहेर आत्या आपसांत काहीतरी कुजबुजल्या. तुझ्या पाठीवर खाली एक जागा लाल झाली होती, तिची जखम मी होऊ दिली नव्हती. तिथं हलक्या हातानं टिपलं, पावडर लावली. नवी चादर तुझ्याखाली सरकवली, तुला सरळ केलं. मणक्याखाली चादरीला एक चुणी पडली होती. ती काढायला मी परत वाकले.

भावजय दारातून रडत म्हणाली, "ताई, आता राहू द्या ना."

मी म्हटलं, "टोचंल तिला," आणि चादरीचं टोक हळूच ओढून घेतलं.